गुरुवारचा पाचवा तास

सुट्टीतही या घरातल्या माणसांना शाळेची घंटा ऐकू येते. खरी घंटा व्हरांड्यात दोरी गुंडाळून गप्प लटकत असते, शिपाई रजेवर असतो, पण सकाळचे अकरा वाजले की बाई हातातलं काम तसंच ठेवून मान वर करतात, दीडला धाकट्याला भूक लागते आणि दोन वाजून दहा मिनिटांनी ताईच्या डोळ्यांवर झापड येते. घराच्या मागच्या अंगणातून शाळेच्या आवारात उघडणारं एक दार आहे. ते ओलांडलं की बाई कुणाची आई राहत नाही. पोटच्या पोरांनीही तिला 'बाई' म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, हा नानांचा नियम. नाना म्हणजे बाईंचे वडील, शाळेचे पहिले मुख्याध्यापक. त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं, नियम मात्र ठणठणीत आहे.

त्या रविवारी दुपारी सगळे ते दार ओलांडून शिक्षकांच्या खोलीत जमले होते. तक्ता लावायचा होता.

तक्ता म्हणजे शाळेचं वेळापत्रक, पण लाकडी. चौदा तुकड्या, आठवड्याचे सहा दिवस, रोजचे आठ तास, मिळून सहाशे बहात्तर खाचा. प्रत्येक शिक्षकाच्या रंगाच्या चपट्या सोंगट्या, त्या एकेक करून खाचांत बसवायच्या. दोन टेबलं जोडून त्यांवर तक्ता आडवा टाकायचा, आधी गेल्या वर्षीच्या सगळ्या सोंगट्या उपसायच्या, मग नवा डाव मांडायचा. हे काम सुट्टीतल्या दुसऱ्या रविवारी घरच्यांनीच करायचं. बाहेरचा माणूस चालत नाही.

"संगणकावर दहा मिनिटांत होईल हे," धाकटा म्हणाला. बाईंचा हा मुलगा शाळेचं कार्यालय सांभाळतो आणि हे वाक्य गेली नऊ वर्षं म्हणतो.

"आणि मग उरलेल्या दुपारी आपण काय करायचं?" बाई म्हणाल्या. त्यांचं उत्तरही तेवढंच जुनं होतं.

खिडक्या अर्ध्या लोटलेल्या होत्या. फरशीला नव्याने लावलेल्या पॉलिशचा वास, उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्या, आणि झाडाच्या सावलीचं तक्त्यावरून हळूहळू सरकणं. मामा पंख्याखालची खुर्ची अडवून बसले होते. मामा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, सगळा जन्म जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेले. नानांचा मुलगा म्हणून ते शाळेच्या समितीवर आहेत, पण शिकवण्याशी त्यांचा संबंध नाही. आज त्यांच्या मांडीवर एक पाकीट होतं. बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या आणि पुढचा मुख्याध्यापक कोण, याचं शिफारसपत्र पाच वाजता समितीच्या अध्यक्षांच्या हातात पडायला हवं होतं. अध्यक्ष संध्याकाळच्या गाडीने परगावी निघणार होते. पत्र लिहून तयार होतं, फक्त नावाची जागा कोरी होती.

"अगं, नाव घाल आणि मोकळी हो," मामा म्हणाले.

"तक्ता पुरा झाला की घालते. कोण कसा लावतोय ते मला बघायचंय."

ताईने हे ऐकलं आणि खाली मान घालून सोंगट्या उपसत राहिली. बाईंची ही थोरली लेक दहावीला गणित शिकवते, सोळा वर्षं. तिला मुख्याध्यापक व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं, की कधी कधी सकाळी आरशासमोर ती प्रार्थनेनंतरच्या सूचना द्यायची आणि स्वतःवरच चिडायची.

"मामांचं मत कुणाला, हे विचारायला नकोच," खिडकीजवळच्या आरामखुर्चीतून सून म्हणाली. धाकट्याची बायको भूलतज्ज्ञ आहे. पहाटे एका तातडीच्या शस्त्रक्रियेला जाऊन आली होती आणि डोळे मिटूनच बोलत होती.

"स्पष्ट सांगतो, धाकट्याला," मामा म्हणाले. "छप्पर कोण बघतं? बस कोण बघतं? परवाने, तपासणी, पाण्याची टाकी? जहाज चालतं ते इंजिनखोलीतून. वर डेकवर उभं राहून हात हलवायला काय लागतं?"

"मामांना सगळंच जहाज दिसतं," ताई म्हणाली.

"आणि तुला सगळंच त्रैराशिक."

"मला विचाराल तर ताईंना करा," सून म्हणाली. "आमचे हे मुख्याध्यापक झाले तर घरी जेवायलासुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभं करतील."

सगळे हसले. धाकटा सगळ्यांत जोरात हसला. आपली बायको आपल्या बाजूने नाही, हे त्याला आत्ताच कळलं होतं.

"तुम्ही दोघं भांडू नका," बाई झोपाळलेल्या आवाजात म्हणाल्या. "नाना काय म्हणायचे? छप्पर गवंड्याला कळतं, गणित मास्तरला कळतं. वर्गात कोण आहे ते तर येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिसतं. कोण नाही, ते ज्याला दिसतं तो मुख्याध्यापक." एवढं बोलून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पाच मिनिटांत त्यांची मान कलली.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईलाही झापड यायला लागली. आपला हिरवा रंग काढून झाला, चित्रकलेचा पिवळा झाला, आता हात आपोआप चालत होते. सातवी ब. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवार, पाचवा तास. बोटांना ओळखीची, गुळगुळीत, जरा जड सोंगटी लागली. ती रंगवलेली नव्हती. नुसतं काळपट शिसवी लाकूड, कडा झिजलेल्या.

ताईची झोप खाडकन उतरली.

ती नानांची सोंगटी होती.

नाना निवृत्त झाले तरी एक तास सोडायचे नाहीत. कुणालाच नको असलेला तास ते स्वतःसाठी मागून घ्यायचे. जेवणानंतर पोरं पेंगतात तो, गुरुवारचा पाचवा, सातवी ब. विषय नाही, पुस्तक नाही, येऊन नुसत्या गप्पा मारायच्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत काठी टेकत जिना चढून ते हा तास घेत राहिले. ते गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तक्ता लावायची वेळ आली. तेव्हा बाई नुसत्या बसून असायच्या, म्हणून ताईने पहिल्यांदाच एकटीने तक्ता लावला. आणि तिच्या हाताने, वीस वर्षांच्या सवयीने, ही सोंगटी उचलून तिच्या नेहमीच्या खाचेत ठेवून दिली होती.

म्हणजे अख्खं वर्ष सातवी ब च्या वर्गावर गुरुवारी पाचव्या तासाला एका गेलेल्या माणसाची नेमणूक होती.

ताईने मूठ मिटली. मामा वर्तमानपत्र वाचत होते. कुणी पाहिलं नव्हतं. सोंगटी पर्समध्ये टाकली असती तर प्रश्नच मिटला असता, आणि हे तिच्या मनात आलं, आलं नाही असं नाही. "मी जरा वर जाऊन येते," ती म्हणाली.

*

वरच्या मजल्याचा व्हरांडा सुट्टीत दुप्पट लांब होतो. ताई चालत होती आणि टोकाच्या वर्गाचं दार काही जवळ येत नव्हतं. काठीचा आवाज येईल असं तिला वाटलं. आला असता तर तिला नवल वाटलं नसतं, ती फक्त म्हणाली असती, नाना, सांभाळून, पायरी ओली आहे.

सातवी ब मध्ये बाकांवर ऊन पडलं होतं. फळा पुसलेला. कोपऱ्यातल्या कपाटात खडू, डस्टर, तुटका नकाशा, आणि त्याखाली एक जाड वही. वहीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चिकटपट्टीखाली अक्षरं: गुरुवार, पाचवा तास.

ती पहिल्या बाकावर बसली आणि वही उघडली.

'आज नाना सरांचा तास. सर येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. तरी वाट पाहिली.'

पुढचा गुरुवार. 'वाट पाहिली. दंगा केला नाही. केला तर कुणीतरी येईल.'

तिसऱ्या गुरुवारपासून मुलांनी तास घ्यायला सुरुवात केली होती. नावं कुठेच नव्हती, नुसते हजेरीचे क्रमांक. 'रोल नंबर १४. सायकलचं पंक्चर कसं काढतात. फळ्यावर आकृती काढली. प्रश्न सहा आले.' 'रोल नंबर ९. घोरणाऱ्या माणसाशेजारी कसं झोपावं. सगळ्यांना उपयोगी.' 'रोल नंबर २. ढग. खिडकीबाहेर बघूनच शिकवलं.' 'रोल नंबर ३१ बोलताना अडखळतो. त्याने वीस मिनिटं घेतली. कुणी हसलं नाही. हसायचं नाही हे आधीच ठरलं होतं.'

ताई वाचता वाचता हसली, मग तिला रडू आलं. आपल्या चुकीतून एवढं चांगलं निघालं, असं तिला वाटलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. हे ओझं उतरणं दीड पान टिकलं.

'रोल नंबर २६ ने काही शिकवलं नाही. म्हणाली, मला सांगायचंय. तिची आई कामाला लागली आहे. धाकट्या भावाला सांभाळायला हिला घरी ठेवणार आहेत. शाळा सुटणार. ती रडली. बाईंना सांगायचं का यावर मतं घेतली. सांगायचं ११. नाही सांगायचं २१. कारण सांगितलं तर आमच्या तासाला सर नसतात हे कळेल आणि तास बंद होईल. २६ ने मत दिलं नाही.'

त्यानंतर तीन गुरुवार २६ चा उल्लेख नव्हता. मग पानाच्या अगदी वर, तारखेखाली: '२६ आली नाही.' पुढच्या आठवड्यात पुन्हा, '२६ आली नाही.' आणि मग प्रत्येक गुरुवारी, आधी हे वाक्य आणि मग त्या दिवशीचा तास, शेवटच्या पानापर्यंत.

"चहा गार होतोय," दारातून धाकटा म्हणाला. मग त्याने बहिणीचं तोंड पाहिलं. "काय झालं गं?"

तिने मूठ उघडली. त्याने सोंगटी ओळखली, कोणत्या तुकडीत सापडली ते विचारलं आणि शेजारच्या बाकावर बसला. मोठ्या माणसाला त्या बाकात बसायचं म्हणजे गुडघे कानाशी येतात. तसाच अवघडून त्याने वही वाचली. तो हळू वाचतो. ताई खिडकीकडे बघत राहिली.

"सव्वीस," तो शेवटी म्हणाला. "दाखला मीच टाइप केला. वडील आले होते, घाईत होते. मी विचारलं, कारण काय लिहू? ते म्हणाले, घरचं. मी लिहिलं, कौटुंबिक."

"आणि वर्गशिक्षिका?"

"ती बाळंतपणाच्या रजेवर. बदलीवरची दोनच आठवड्यांपूर्वी आलेली. तिला मुलांची नावंसुद्धा येत नव्हती."

व्हरांड्यातून वाऱ्याने कुठलं तरी दार हलकेच आपटलं.

"मला व्हायचं होतं, ताई," धाकटा म्हणाला. वही त्याच्या मांडीवर तशीच होती. "मी कधी बोललो नाही. आपल्याकडे मागून घ्यायची पद्धत नाही. पण वरच्या मजल्याचे नळ, वाचनालयाची खिडकी, सगळी यादी आहे माझ्याकडे. आता हे कळलं की मामा टुणकन उडी मारतील. तक्ता तू लावलास. मला तोंडसुद्धा उघडायला नको."

"मग नको उघडूस."

"उघडायला नको हेच तर वाईट आहे." तो उठायला गेला आणि बाकात अडकला. ताईने हात दिला. "त्या तक्त्यावरून कागदावर उतरवून कुणी घेतलं? सातवी ब, गुरुवार, पाचवा, आणि पुढे 'ना.' ते 'ना' माझ्या हातचं आहे. वळणदार काढलंय, मला आठवतंय. काढताना बरं वाटलं होतं."

"त्याखाली सही बाईंची," ताई म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. लहानपणी काचेचं भांडं फोडून असेच उभे राहायचे.

*

खाली बाई जाग्या झाल्या होत्या. ताईने काही प्रस्तावना केली नाही. सोंगटी त्यांच्यासमोर ठेवली, वही ठेवली आणि सांगून टाकलं, सगळं, सव्वीस नंबरसकट. बोलताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा सरळ होता, फक्त हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते.

मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "चौतीस गुरुवार!" ते म्हणाले. "आमच्याकडे चौतीस मिनिटं पहारा रिकामा राहिला असता तर बोट खडकावर गेली असती. आणि हिला कप्तान करायचं म्हणता?"

"नक्कल मी केली," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस. तू नकलाकार."

"मामा, भाषा," सून म्हणाली. तिचे डोळे आता पूर्ण उघडे होते.

बाईंनी सोंगटी उचलली. अंगठ्याने तिची कडा चोळली, नाना खिशात हात घालून चोळायचे तशी.

"मला दिसायचं," त्या म्हणाल्या.

"काय दिसायचं?" धाकट्याने विचारलं.

"माझ्या खोलीच्या खिडकीतून वर सातवी ब दिसते. गुरुवारी जेवण झालं की मी तिथे बसायचे. फळ्याजवळ कुणीतरी उभं असायचं. वर्ग शांत. मला वाटायचं, नाना तास घेतायत." त्यांनी चष्मा काढला. "ते गेलेत हे मला माहीत होतं रे. मी काही वेडी नाही. सोमवारी माहीत असायचं, शुक्रवारी माहीत असायचं. गुरुवारी दुपारी तेवढा अर्धा-पाऊण तास नसायचं. त्या तासाची मी आठवडाभर वाट बघायचे. वर जाऊन बघितलं असतं तर तो संपला असता. म्हणून नाही गेले."

"आई," धाकटा म्हणाला. नियम मोडला हे त्याच्या लक्षातही आलं नाही, आणि तिने त्याला टोकलं नाही.

"त्या पोरांनी तास वाचवायला तोंड बंद ठेवलं आणि मीही तेच केलं. ती बारा वर्षांची, मी साठ." आता त्या रडत होत्या. सून उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि रोग्याचा धरावा तसा त्यांचा मनगटापासून हात धरला.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले. मामांनी पाकिटाकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. जेमतेम दोन तुकड्या रिकाम्या झाल्या होत्या.

"सव्वीस राहते कुठे?" ताईने विचारलं.

धाकट्याने रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. चारशे एकोणसत्तर मुलांचे पत्ते त्याच्या डोक्यात असतात. "पूल ओलांडून उजवीकडे. लाँड्रीच्या वरची खोली, जिना बाहेरून. कठड्याला हात लावू नकोस, सुटलाय. बस अडकली होती तेव्हा मी तिला सोडायला गेलो होतो."

ताईने पर्स उचलली.

"आत्ता?" मामा उभे राहिले. "अगं पोरी, शुद्धीवर ये. अर्ध्या तासात अध्यक्ष निघतील. तक्ता पुरा केल्याशिवाय नाव नाही, तुझ्या आईचाच शब्द आहे. ती मुलगी काय उद्या पळून जाणार आहे? पाच महिने गेले, आणखी एक दिवस!"

ताई दारात थांबली. तिला मामांचं पटलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. सोळा वर्षं, आरशासमोरच्या सूचना, सगळं त्या पाकिटात होतं, आणि ती मुलगी उद्याही तिथेच असणार होती.

"पाच महिने रोज कुणीतरी हेच म्हणालं असेल, मामा," ती म्हणाली. "तक्ता धाकटा लावेल. चांगला लावतो तो." आणि अंगणातल्या दाराने न जाता शाळेच्या मोठ्या फाटकातून बाहेर पडली.

*

माणूस भुलीखाली जाण्याआधी दोन-तीन श्वास असे असतात की चेहऱ्यावरचं सगळं आवरलेलं सुटतं. सुनेने असे हजारो चेहरे पाहिलेत. बाईंचा चेहरा आत्ता तसा झाला होता. त्यांनी पाकिटातून पत्र काढलं, नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला लागल्या. लेखणी कागदावर घसरत असल्याचा तेवढा आवाज येत होता.

मामांनी खांद्यावरून वाचलं. "हे कशाला घालतेस? चौतीस गुरुवार, नेमणूक, सही... समितीत बोंब होईल!"

"होऊ दे. दादा, मुख्याध्यापकाची सही आहे त्या वेळापत्रकावर. आधी ते लिहिते, नाव त्याच्या खाली." त्यांनी मान वर केली आणि मुलाकडे पाहिलं. "तुझं घालू का रे? खरं सांग. तुला हवंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. आणि तू लायक आहेस. पत्ता विचारल्यावर तुझं रजिस्टर बंद होतं."

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढी वर्षं हे ऐकायची वाट पाहिली होती आणि नेमकं आजच ऐकायला मिळालं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मगाशी केलेला विनोद तिला आता नको झाला होता. "तुम्हाला हवं ते सांगा," ती हळूच म्हणाली. "मी रांगेत उभी राहीन."

तो तक्त्याकडे गेला. रिकाम्या झालेल्या भागात, ती पोरं आता जाणार त्या आठवी ब च्या ओळीत, गुरुवारच्या पाचव्या खाचेत त्याने एक सोंगटी बसवली. हिरवी. ताईची.

"मला तो पत्ता वर्षभर पाठ होता," तो म्हणाला. "मी गेलो नाही. ती सव्वा मिनिटात निघाली. तिचं लिहा." मग नाक ओढून, "पण नळ मी सांगेन तेव्हा बदलायचे. लेखी घ्या तिच्याकडून."

बाईंनी नाव लिहिलं. मामांनी कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. "इंजिनखोलीत रडारड चालत नाही आमच्याकडे," असं पुटपुटत त्यांनी रुमाल काढला, पाकीट बंद केलं आणि वयाला न शोभणाऱ्या घाईने निघाले.

मग खोली पुन्हा दुपारसारखी झाली. सून सोंगट्या रंगांप्रमाणे लावायला लागली. बाई काळ्या सोंगटीवर हात ठेवून बसल्या. ती कुठे ठेवायची हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. धाकट्याने आठवी ब चा कोरा हजेरीपट पुढे ओढला. मधलं मूल शाळा सोडून गेलं की खालचे क्रमांक एकेकाने वर सरकवायचे, ही त्याचीच पद्धत. पटात भोक राहिलेलं त्याला खपत नाही. तेवीस, चोवीस, पंचवीस. त्याने एक ओळ मोकळी सोडली आणि पुढच्या ओळीवर सत्तावीस लिहिलं.

*

पूल ओलांडेपर्यंत ताईने बोलायचं सगळं मनात जुळवलं होतं. आईची पाळी किती वाजता सुटते ते विचारायचं. शिशुवर्गाच्या सेविकेशी बोलून भावाला सकाळपासून तिथे ठेवता येईल. नाही जमलं तर तो आठवी ब च्या मागच्या बाकावर झोपेल, कोण काय म्हणतंय बघू. वडिलांशी वाद घालायचा नाही. माफी आधी मागायची. मुलीची मागायची, सगळ्यांदेखत.

लाँड्रीतून गरम कापडांची वाफ रस्त्यावर येत होती. वाफेतून माणसं पुसट दिसत होती, सायकली आवाजाशिवाय गेल्यासारख्या जात होत्या. ताईने कठड्याला हात न लावता जिना चढला. पाच वाजले असावेत. शाळा सुटल्याची घंटा तिला स्पष्ट ऐकू आली.

तिने दार वाजवलं. आत काहीतरी पडलं, एक मूल रडायला लागलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. दार उघडलं. मुलगी उंच झाली होती. कडेवर दोन वर्षांचा भाऊ, खांद्यावर ओलं फडकं, केस घाईत बांधलेले. तिने ताईला ओळखलं आणि एक पाऊल मागे सरकली.

जुळवलेलं सगळं ताईच्या डोक्यातून गेलं. माफी गेली, शिशुवर्ग गेला, पाळी गेली. तोंडातून एकच शब्द निघाला, आणि तोही वर्गात निघतो तसा.

"सव्वीस."

मुलीने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. पाठ ताठ केली.

"हजर," ती म्हणाली.